नंदुरबारची मिरची, मलायी सांबाल

मी सुरतेजवळच्या कामरेजहून आले आहे. घर मूळचं खानदेशातलं. सुरतेत खानदेशी माणूस एवढा, की उधन्याच्या बाजारात अहिराणी कानावर पडल्याशिवाय पिशवी भरत नाही. लेक क्वालालंपूरला आली तेव्हापासून नासी लेमाक आमच्या घरात आला, आणि त्याच्यासोबत सांबाल, म्हणजे मिरचीची परतलेली चटणी. त्यातला नारळाच्या दुधात शिजवलेला भात कुणालाही जमतो. नासी लेमाकची परीक्षा सांबालमध्येच होते, म्हणून आज मी फक्त त्याबद्दल बोलणार आहे.

आधी मिरची. सांबालला सुकी लाल मिरची लागते, आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं आमचं नंदुरबार त्याच मिरचीचं गाव. हंगामात ओली लाल मिरची शेतकरी तिथे आणतात, व्यापारी ती लिलावात घेतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या पथारीवर पसरून उन्हात वाळवतात. लांबून पाहिलं तर जमीनच लाल दिसते. बायाबापड्या उन्हात बसून देठ खुडतात, हातांची आग रात्रीपर्यंत जात नाही. अवकाळी पाऊस आला की डोळ्यांदेखत माल काळा पडतो. चिमूटभर तिखट सहज टाकताना या कष्टांची जाणीव असावी, असं मला मनापासून वाटतं. नंदुरबारची मिरची तिखटाला घ्या आणि रंगासाठी ब्याडगी. आमच्याकडे गुजरातेत गोंडलची रेशमपट्टी मिळते, तीही रंगाला चांगली.

साधारण 30 मिरच्या कात्रीने कापून बी झटकून टाका. तिखटपणाचा खरा साठा बियांना धरून असलेल्या पांढऱ्या शिरांत असतो, त्यामुळे किती शिरा ठेवायच्या ते घरातली लहान मुलं पाहून ठरवा. मिरच्या कढत पाण्यात मऊ होईतो भिजवा, ते पाणी ओतून द्या. मग 10 छोटे कांदे आणि 4 लसूण पाकळ्यांबरोबर गंधासारख्या बारीक वाटा.

आता खरं काम. अर्धी वाटी तेल घ्या, हात आखडू नका. मंद आचेवर वाटण 20-25 मिनिटं परतत राहा. सुरुवातीला ते नुसतं फदफदतं, कारण त्यात पाणी असतं. पाणी आहे तोवर ते शिजतं, तळलं जात नाही. पाणी आटलं की तेल कडेने वेगळं होऊ लागतं, वाटण गडद होतं आणि कच्चा वास जातो. मलायी बायका याला ‘पचाह मिन्याक’ म्हणतात, आपण तेल सुटलं म्हणतो. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाहीत. खानदेशी भाजीवरची लाल तर्री याच कारणाने येते. त्यामुळे आपल्या बायकांना सांबाल शिकायला वेळ लागत नाही, हात आधीच तयार असतो. तेल सुटल्यावर कांद्याच्या चकत्या, चिंचेचा कोळ, मीठ आणि गुला मलाका, म्हणजे इथला माडाचा गूळ, घाला. तो नसेल तर गोव्याकडचा माडाचा गूळ चालतो. शेवटी तळलेले इकान बिलिस, म्हणजे सुके बारीक मासे.

राहिलं बलाचान. इथे मलेशियात बारीक कोळंबीला मीठ लावून, वाळवून, कुटून, मुरवून त्याची वडी करतात. ती भाजून वाटणात घालतात. ही कोळंबी ‘असीटीस’ प्रजातीतली, आणि आपल्या कोकणच्या व दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर वाळत घातलेला जवळाही त्याच प्रजातीतला. कामरेजला बलाचान मिळत नाही, म्हणून मी जवळा कोरडा भाजून वाटणात घालते. मुरवण्याने येणारी खोल चव त्यात नसते, पण चुलतभाऊ ओळखू येतो. शाकाहारी घरांनी बलाचान आणि इकान बिलिस सरळ वगळावेत. त्यांच्या जागी भलतंसलतं घालून चव नासवू नये.

गुजरातच्या आणि मलाक्काच्या किनाऱ्यांची ओळख फार जुनी आहे. तापीकाठच्या कामरेजला 2003 मध्ये उत्खनन झालं, तेव्हा इसवी सनाच्या आगेमागे समुद्रापार व्यापार करणाऱ्या वस्तीच्या खुणा सापडल्या. पुढे मलाक्कात गुजराती व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र शाहबंदर, म्हणजे बंदराचा अधिकारी, नेमलेला असे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1511 मध्ये मलाक्का. अमेरिकेतली मिरची त्या काळातच या दोन्ही किनाऱ्यांना लागली. त्याआधी तिखटाला मिरी होती.

आणि एक विनंती. सांबालचं प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं आणि बहुतेक ते कुठे लिहिलेलं नसतं. शेजारच्या मकचिककडे, म्हणजे मलायी मावशींकडे, जा, त्यांच्या चुलीपाशी उभ्या राहा, त्या किती मिरची, किती चिंच घेतात ते विचारून लिहून घ्या. आपल्या आजीचा काळा मसालाही त्याच वहीत लिहा. आणि आपल्या मंडळाच्या पुढच्या अंकात दोन्ही छापा.