‘कागद ओके’ म्हणजे काय?



‘जीप विकणे आहे. फोर बाय फोर, पूर्ण रिस्टोर, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, नवे रुंद टायर, नवा हूड, कागद ओके.’ अशी जाहिरात आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. आमच्या मोर्शी-वरूड भागात आंबिया बहाराची संत्री विकली गेली, की अशा जाहिराती जरा जास्तच नजरेत भरतात. हातात पैसा आलेला असतो. घरातल्या मुलाला जीप हवी असते आणि नवी थार बजेटात बसत नसते. मग जुनी जीप, पण नव्यासारखी केलेली, हा मधला मार्ग सगळ्यांनाच बरा वाटतो.

या जाहिरातीतली प्रत्येक गोष्ट गाडीभोवती एक चक्कर मारली की दिसते. टायर दिसतात, हूड दिसतो, रंग तर लांबूनच दिसतो. दिसत नाहीत ते फक्त शेवटचे दोन शब्द, ‘कागद ओके’. आणि जुन्या जीपच्या व्यवहारात माणूस बुडतो तो याच दोन शब्दांत. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा विषय शिकवत होतो. त्यामुळे निवृत्तीनंतरही ‘सर, जरा गाडी पाहून द्या’ म्हणून लोक बोलावतात. त्या अनुभवावरून आज चार गोष्टी सांगणार आहे.

आधी ही गाडी एवढी हवीशी का वाटते, ते पाहू. जीप जन्माला आली दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सुमारे साडेसहा लाख जीपा बांधल्या. मुंबईत २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. विलीजच्या जीपा सुट्या भागांत आणून मुंबईत जोडायच्या, अशी आपल्याकडची सुरुवात होती. पुढे भारतीय बनावटीची उंच बॉनेटची सीजे-३बी आली. ते बॉनेट उंच का, तर आतलं नवं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, एवढंच. त्यानंतर डिझेल इंजिनाच्या जीपा आल्या, एमएम-५४० आली, लांब कमांडर आली.

वऱ्हाडात जीप ही हौसेची गाडी नव्हती. आमची काळी माती श्रावणात कशी होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. चाकाला चिखल असा लपेटतो की बैलसुद्धा थांबतो. त्या दिवसांत गावात पोचायची ती जीपच. गटविकास अधिकाऱ्याची जीप, मलेरियावाल्यांची जीप, मेळघाटात वनखात्याची जीप, निवडणुकीत मतपेट्या नेणारी जीप. सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचं काम चाललं होतं, तेव्हा साहेबांच्या जीपा मोर्शीच्या रस्त्यावर रोज दिसायच्या. पुढे कमांडर आणि ट्रॅक्स काळ्यापिवळ्या रंगात रंगल्या आणि आतल्यापेक्षा बाहेर लटकलेली माणसं जास्त, अशा धावू लागल्या. आज पन्नाशी-साठीत असलेल्या माणसाला जीप हवी असते, ती या आठवणींमुळे. तरुणांना हवी असते ती रुबाबासाठी. दोन्ही कारणं चांगलीच आहेत. पण आठवण आणि रुबाब या दोन्हींवर गाडी चालत नाही. ती चालते चासीवर, आणि रस्त्यावर राहते ती आरसी बुकावर.

आता ‘रिस्टोर’ आणि ‘अपग्रेड’ या दोन शब्दांकडे येऊ. जाहिरातीत ते एकाच दमात येतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. रिस्टोर म्हणजे गाडी मुळात जशी होती तशी पुन्हा करणं. गंजलेला हौदा कापून तसाच पत्रा लावणं, पाट्यांचे बुश बदलणं, गिअर बॉक्स उघडून बेअरिंग टाकणं, वायरिंग नव्यानं ओढणं. हे खरं कष्टाचं काम आणि ते फारसं दिसत नाही. अपग्रेड म्हणजे मुळात नव्हतं ते बसवणं. त्यातही चांगलं-वाईट असतं. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. त्या काळच्या वेगाला ते पुरत, आजच्या रस्त्यावर ते अपुरे वाटतात. त्यामुळे ब्रेक सुधारणं, सीटबेल्ट लावणं यामागचा हेतू मला समजतो.

पण मोठ्या टायरचं काय? टायरचा घेर वाढला की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते. मग स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, तो कमी दाखवतो. इंजिनाला चढावर जास्त ओढ पडते. तेच ब्रेक आता जास्त जड चाक थांबवतात. गाडीची उंची वाढली की वळणावर ती कलंडायची भीती वाढते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जुन्या गिअर बॉक्सला जास्त ताकदीचं इंजिन जोडलं, तर आज ना उद्या दात तुटतात ते गिअरचेच. एक भाग बदलला की शेजारचे चार भाग त्याला साजेसे करावे लागतात. ते केले आहेत का, हे विकणाऱ्याला विचारा. उत्तर देताना तो टायरकडे बोट दाखवू लागला, तर काय समजायचं ते समजा.

यापुढचा प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की, कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं गाडीपुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. तो बार समोरच्या माणसाला जास्त इजा करतो, हे त्यामागचं कारण. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी लागते आणि आरसीत नोंद लागते. जुन्या पेट्रोल जीपांत गॅरेजवाल्यांनी डिझेल इंजिनं सर्रास बसवली. काहींच्या पुस्तकात तशी नोंद आहे, अनेकांच्या नाही. म्हणून जाहिरातीतली प्रत्येक ‘नवी’ गोष्ट आरसीशी ताडून पाहावी. सुधारणा कितीही उपयोगाची असो, ती करण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

एकदा मोर्शीजवळच्या एका बागायतदारानं मला अशीच एक जीप दाखवायला नेलं. चार लाखांच्या वर किंमत सांगितलेली. रंग असा की त्यात तोंड पाहावं. मी पिशवीतून कोरा कागद आणि शिसपेन्सिल काढली, तेव्हा विकणारा हसला. चासीवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की नंबराची छाप उमटते. आरटीओतही ही छाप मागतात. आम्ही रॉकेलच्या फडक्यानं रंग पुसून नंबर मोकळा केला आणि छाप घेतली. चासी नंबर जुळला. इंजिन नंबर जुळला नाही. आरसीत इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन. विकणारा म्हणाला, “चालून जाते न सर, कोन पाह्यते?”

खरं आहे, रोज कोणी पाहत नाही. पाहतात ते अपघात झाल्यावर. तेव्हा विमा कंपनीचा माणूस येतो आणि सगळ्यात आधी हेच दोन नंबर पाहतो. विमा उतरवताना न सांगितलेला बदल सापडला, तर भरपाईचं भांडण सुरू होतं. बागायतदारानं ती गाडी घेतली नाही. घरी येताना तो जरा नाराजच होता. पुढे त्यानं एक फिक्कट रंगाची, मूळ इंजिनाची एमएम-५४० कमी पैशांत घेतली आणि उरलेल्या पैशांत ब्रेक, पाटे, वायरिंग सगळं नीट करून घेतलं. रंग शेवटी दिला. क्रम असा असावा.

आमचा तालुका सीमेवरचा. सालबर्डीच्या पलीकडे मध्य प्रदेश लागतो. तिकडची गाडी स्वस्त मिळते, पण ती आणायची तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला हवा आणि इथला कर भरायला हवा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्याही गाड्या इकडे येतात. शिवाय हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव जुन्या जीपा नव्यानं बांधण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथं हुशार कारागीर आहेत, पण कारागिराचा हात आणि आरसीची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी कुठूनही येवो, परिवहन खात्याच्या मोबाइल अॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत हे कळतं. पाच मिनिटांचं काम आहे.

आतापर्यंत घेणाऱ्याचं बोललो. पण विकणाऱ्यालाही तेवढाच धोका आहे, आणि तो आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. पैसे हातात पडले की माणूस फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देतो आणि गाडी विसरतो. कायद्यानं आरटीओला विक्री कळवायला राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांची मुदत असते. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल प्रत्येक विकणाऱ्यानं लक्षात ठेवावा. एका माणसानं २००७ मध्ये मोटार विकली. ती पुढे हातोहात फिरली, पण आरसीवर नाव त्याचंच राहिलं. २००९ मध्ये तिचा अपघात झाला आणि एका मुलाचा जीव गेला. न्यायालयानं सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. स्टिअरिंग हातातून गेलं तरी नाव जात नाही, असा याचा अर्थ. म्हणून ज्या बापानं वीस वर्षं जीप जिवापाड सांभाळली, त्यानं ती देताना नाव बदलून झाल्याचा कागद मिळेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं समजू नये. शक्य असेल तर घेणाऱ्यासोबत अमरावतीच्या आरटीओत स्वतः जावं. एक दिवस मोडतो, पण पुढची कितीतरी वर्षं निवांत जातात.

खर्चाचाही हिशेब मांडावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी हे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी दहा हजार. त्यावर पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी. जाहिरातीतल्या आकड्यात हे धरलेलं नसतं. नूतनीकरण थकलेलं असेल तर ते कोण भरणार, हे सौद्याआधी बोलून घ्यावं.

आणि शेवटी त्यांच्यासाठी, ज्यांच्या गोठ्यात किंवा बंड्यात एखादी खरी जुनी जीप झाकून ठेवलेली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, हौदा, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. तिला वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला मात्र ती चालत नाही. म्हणजे बघा, ज्या जीपला आपण ‘जुनाट’ म्हणून रुंद टायर आणि परकं इंजिन लावायला निघतो, तिला कायदा मान देतो तो तिच्या जुनेपणासाठीच. गॅरेजात पाठवण्याआधी एकदा तिचं पुस्तक उघडून सन पाहा. पन्नाशी गाठलेली मूळ गाडी एकदा कापली की ती परत मूळ होत नाही.

तेव्हा जीप जरूर घ्या, जरूर विका. मेहनतीनं उभी केलेली जुनी गाडी चालती राहावी, याचा माझ्यासारख्या मेकॅनिकला आनंदच आहे. फक्त विकणाऱ्यानं काय बदललं आणि त्यातलं काय नोंदवलं, हे एका कागदावर लिहून सही करून द्यावं. आणि घेणाऱ्यानं पैसे मोजण्याआधी खिशात एक कोरा कागद आणि एक शिसपेन्सिल ठेवावी.