वही जपा, पक्षिमित्रहो



मालवणात, समुद्राच्या सान्निध्यात आपण जमलो आहोत. आज एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे, ती म्हणजे आपली नोंदवही.

पक्षिनिरीक्षण जन्मभर पुरतं, ते एकच जागा पुन्हा पुन्हा पाहण्यामुळे. नवनव्या जागी धावून यादी वाढते, ओळख वाढत नाही. दिवाळीनंतर इथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते, तेव्हा मासळीच्या आशेने तपकिरी डोक्याचे कुरव किनाऱ्यावर जमतात. त्या दिवसांत त्यांचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे एक काळसर डाग तेवढा. मार्चच्या सुमारास त्याच डोक्यावर कॉफीच्या रंगाची टोपी चढू लागते आणि पाहता पाहता थवे उत्तरेला, लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे निघून जातात. पहिला कुरव कधी आला, शेवटचा कधी दिसला, हे वर्षानुवर्षं लिहिणारा माणूस या किनाऱ्याला हवा आहे.

वेंगुर्ल्याच्या समुद्रातले खडक आपल्याला माहीत आहेत. तिथल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेनं घरटी चिकटवतात आणि खडकांवर सुरय पक्षी अंडी घालतात. पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम तिथे 1875 मध्ये गेले आणि ती हकीकत त्यांनी स्वतःच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. पुढे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी याच पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये 1942 साली लिहिलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि भाऊ काटदरे यांनी अलीकडच्या काळात पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी थांबवण्यासाठी काम केलं. समुद्री गरुडांची घरटी शोधत त्यांनी कोकणची किनारपट्टीही पालथी घातली. या मंडळींच्या नोंदी आहेत, म्हणूनच खडकांवर तेव्हा काय होतं आणि आज काय उरलं, हे आपण विचारू तरी शकतो.

याच ह्यूम यांची दुसरी गोष्ट मला फार लागते. पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी त्यांनी अनेक वर्षं हस्तलिखितं जमवली होती. सिमल्याच्या घरी ते नसताना ती रद्दीत विकली गेली. त्या धक्क्यानंतर त्यांचं पक्ष्यांवरून मन उडालं आणि 1885 मध्ये त्यांचा प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. एका माणसाचं अर्ध्या आयुष्याचं पाहणं असं बाजारात वाण्याच्या पुड्या बांधायला गेलं असेल!

आपल्याकडेही हे घडू शकतं. कपाटात वह्या पडून आहेत. त्यांत तारखा आहेत, भरती-ओहोटी आहे, कुठल्या वडाच्या शेंड्यावर गरुडाचं घरटं होतं तेही आहे. सोलापूरच्या 2006 च्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणाऱ्या मारुती चितमपल्लींचं लेखनही जंगलातल्या माणसांचं ऐकून आणि टिपून उभं राहिलं. आपल्या रापणकरांकडे, मासेमारी करणाऱ्या गाबीत बांधवांकडे तसंच ज्ञान आहे. ते कुणी उतरवून घ्यायचं? आपणच.

तरुण मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे. फोटो जरूर काढा, ई-बर्डवर नोंदीही टाका. पण येत्या सुट्टीत आपल्या गावातल्या एका ज्येष्ठ निरीक्षकाकडे जा, त्यांच्या वहीचं पानन् पान मोबाइलवर टिपून घ्या आणि त्याची एक प्रत जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयात ठेवा.