रिओ पिएद्रासची गोळी



संततिनियमनाच्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली १९६० साली. पण त्याआधी ती गिळली कुणी?

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट अमेरिकेनं १८९८ मध्ये स्पेनकडून घेतलं. तिथल्या गरिबीचं खापर ऊसमळ्यांच्या अमेरिकी मालकांवर फोडणं अडचणीचं होतं. बायकांना पोरं फार होतात, हे म्हणणं सोयीचं. १९३७ मध्ये तिथं सुप्रजननाच्या नावाखाली नसबंदीचा कायदा झाला. १९६५ च्या पाहणीत मूल होण्याच्या वयातल्या सुमारे एक तृतीयांश विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली.

मध्यंतरी, १९५६ साली, गोळीचे संशोधक ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी तिच्या मोठ्या चाचणीसाठी हेच बेट निवडलं. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये संततिनियमनाची साधनं देणं गुन्हाच होता. सान हुआनजवळ रिओ पिएद्रासच्या नव्या सरकारी वसाहतीत घरोघरी विचारणा झाली. या गोळीनं दिवस जात नाहीत, एवढं बायकांना कळलं. आपण प्रयोगातल्या आहोत, हे कुणी सांगितलं नाही. गोळीत आजच्यापेक्षा कितीतरी पट अधिक हार्मोन होतं. चाचणी पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवलं, की १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते. सरसकट वापरायला ही गोळी बरी नाही. पिंकसना हे बरेचसे मनाचे खेळ वाटले!

या बायकांना कुणी ओढून आणलं नव्हतं, हेही खरं. बाळंतपणांनी त्या पिचल्या होत्या, गोळी त्यांना हवीच होती. मुंबईत १९२१ साली र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढं प्राध्यापकी गमावली, ते अशाच बायकांसाठी. माझा राग गोळीवर नाही; गरजवंताला अर्धंच सांगण्यावर आहे.

पुढं पोर्तो रिकन डॉक्टर हेलन रोद्रिगेस-त्रियास आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया न्यूयॉर्कमध्ये अर्धवट सांगून केलेल्या नसबंदीविरुद्ध लढल्या. १९७८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आला: सरकारी खर्चानं नसबंदी करायची तर बाईला समजेल अशा भाषेत संमती घ्यायची, आणि मग साधारणपणे तीस दिवस थांबायचं.

त्याआधी दोनच वर्षं, १९७६ मध्ये, आपल्या महाराष्ट्र विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदीची सक्ती करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते राहिलं.