सत्तर टक्के इभ्रत
(अभ्यासवर्गातलं भाषण)



आज भाषणबाजी कमी, हिशेब जास्त. अमेरिकेसारखा दांडगा देश बारा-तेरा हजार किलोमीटर लांब जाऊन व्हिएतनामच्या भातखाचरांत का रुतला?

तुमच्यातले काहीजण झटकन म्हणतील, लुटीसाठी! रबर, कथील, बाजारपेठ. त्यात तथ्य आहे. आयसेनहॉवर स्वतः १९५३-५४ त आग्नेय आशियातल्या कथील-टंगस्टनच्या गोष्टी करत होता. पण एकट्या व्हिएतनाममध्ये असं काय गाडलेलं होतं, की त्यापायी स्वतःची ५८ हजारांवर पोरं मारून घ्यावीत? नुसत्या लुटीने हिशेब जुळत नाही.

मुळापासून बघा. २ सप्टेंबर १९४५ ला हो चि मिन्हने हनोईत स्वातंत्र्य जाहीर केलं, ते अमेरिकेच्याच १७७६ च्या जाहीरनाम्यातले शब्द घेऊन. आणि अमेरिकेने हात कुणाचा धरला? परत आलेल्या फ्रेंच मालकाचा. त्याच्या लढाईचा मोठा खर्च उचलला. १९५४ त दिएन बिएन फूला फ्रेंच आडवे झाले. जिनिव्हात ठरलं, १९५६ त निवडणूक घ्या, देश एक करा. दक्षिणेतल्या दिएमने ती होऊ दिली नाही आणि अमेरिका त्याच्या पाठीशी राहिली. का? तर मतपेटीतून हो चि मिन्ह निघेल ही धास्ती. लोकशाहीचं नाव घेऊन निवडणूकच गिळली!

मग पायरी पायरीने. १९६० अखेर नऊशेच्या आसपास ‘सल्लागार’. १९६३ अखेर सोळा हजार. ऑगस्ट १९६४ मध्ये बोंब उठली, टोंकिनच्या आखातात आमच्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला. दुसरा हल्ला झालाच नव्हता. तरी काँग्रेसने जॉन्सनला कोरा चेक लिहून दिला. सिनेटमध्ये विरोधात मतं किती? दोन. मार्च १९६५ त दा नांगला मरीन उतरले, १९६९ त फौज पाच लाखांच्या वर.

आता खरी गोम. त्याच मार्च १९६५ त संरक्षणमंत्री मॅक्नमाराचा सहायक जॉन मॅकनॉटन याने एक टिपण लिहिलं. युद्ध कशासाठी, याची टक्केवारीच मांडली. अमेरिकेची मानहानी टळावी म्हणून ७० टक्के. मुलूख चीनच्या हाती पडू नये म्हणून २०. आणि तिथल्या लोकांना बरं, मोकळं जगता यावं म्हणून? १० टक्के! डॅनियल एल्सबर्गने १९७१ त पेंटॅगॉनची गुप्त कागदपत्रं फोडली, तेव्हा हे जगाला कळलं.

सावकार दहा रुपयांच्या बाकीपायी कोर्टात शंभर का घालवतो? एकाने बाकी बुडवली आणि ती पचली, तर उद्या अख्खं गाव बुडवील. दहा रुपयांचं त्याला काय पडलंय! दहशत टिकली पाहिजे. महासत्तेचं तेच. त्यात घरचं राजकारण. १९४९ त चीन कम्युनिस्टांकडे गेला, तेव्हा ‘चीन कुणी घालवला’ म्हणून ट्रुमनच्या पक्षाला झोडपलं होतं. जॉन्सन त्याच पक्षाचा. व्हिएतनाम त्याला आपल्या नावावर नको होता.

इभ्रत त्यांची. कातडी कुणाची? कॉलेजात नाव असलं की सक्तीच्या भरतीत सवलत. गरिबाच्या पोराला कसली सवलत? १९६६ पासून मॅक्नमाराने चाचणीत नापास ठरणारी पोरंही घ्यायला सुरुवात केली, तीन लाखांवर घेतली. त्यांत काळी पोरं लोकसंख्येतल्या वाट्याहून कितीतरी जास्त. ब्लॅक पँथरांनी १९६६ च्या दहा कलमांतच मागितलं होतं, काळ्यांना या सक्तीतून सोडा. एप्रिल १९६७ त मुहम्मद अलीने भरती नाकारली. किताब गेला, पण माणूस वाकला नाही.

३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. व्हिएतनाम सरकारच्या १९९५ च्या आकड्यांप्रमाणे व्हिएतनामी मेले तीस लाखांच्या घरात. ते सत्तर टक्के वाचले का? नाय.

शहाणपण आलं? २००३ त इराकवर चालून गेले. सांगितलं, तिथे संहारक शस्त्रांचे साठे आहेत. साठे सापडलेच नाहीत.

तेव्हा दोस्तहो, कुठलंही सरकार लांबच्या मुलखात फौज धाडताना ‘स्वातंत्र्य’, ‘सुरक्षा’ असलं बोलायला लागलं, की पहिल्यांदा टक्केवारी मागा. इभ्रतीचे किती, माणसांचे किती? मग मरायला निघालेल्या पोरांची यादी मागा, आणि ती कुठल्या वस्तीतली आहेत ते वाचा.