निजण्याआधीचा पाव तास



साधना म्हटली की मठ, मौन, उपास असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आणि ज्याला सकाळची विरार लोकल गाठायची आहे तो मनात म्हणतो, हे आपलं काम नव्हे. पण ख्रिस्ती परंपरेत एक साधना आहे, जिला धावपळीचा दिवसच लागतो. ती म्हणजे आत्मपरीक्षण. प्रथा जुनी, तिला नेमकी रीत दिली संत इग्नेशियस लोयोला यांनी.

इग्नेशियस हे स्पेनमधल्या बास्क मुलखातल्या सरदार घराण्यातले. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि त्यांना कित्येक महिने अंथरूण धरावं लागलं. त्यांनी वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या; घरात होती ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्यापडल्या ते कधी पराक्रमाची स्वप्नं रंगवत, कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोडच. पण पहिलं सरलं की मन कोरडं पडे, आणि दुसरं सरल्यावरही समाधान रेंगाळत राही. हा फरक त्यांच्या ध्यानात आला. मला तोफगोळ्यापेक्षा हा क्षण मोठा वाटतो, कारण पुढची सगळी साधना यातूनच उगवली.

त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यातलं आत्मपरीक्षण सुरू होतं ते आभार मानण्यापासून. चुका नंतर. हा क्रम फार मोलाचा आहे. आभार वगळले, तर माणूस एक तर स्वतःला झोडपत बसतो, नाहीतर स्वतःचीच वकिली करतो. आभारांनंतर देवाकडे प्रकाश मागायचा, आणि मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने नजरेखालून घालायचा.

समजा, तुम्ही बँकेत काउंटरवर बसता. सकाळी गाडीत कुणीतरी सरकून तुम्हाला चौथी सीट दिली. आभार तिथून सुरू होतात. साडेअकराला एक आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी आले. एक सही राहिली होती, तिथल्या तिथे घेता आली असती. तुम्ही म्हणालात, “आज नाही, उद्या या.” ते काठी टेकत जिना उतरले. दिवसाच्या गर्दीत हे विसरलं जातं. रात्री देवासमोर बसल्यावर ते आजोबा पुन्हा दिसतात, आणि त्यांच्याशी तसं वागल्याबद्दल देवाकडे क्षमा मागता येते.

एखादा दोष मुळातून काढायचा असेल, तर इग्नेशियस कागदच घ्यायला सांगतात. आठवड्याच्या सात दिवसांच्या रेघा आखायच्या आणि जितक्यांदा घसरलो तितके ठिपके द्यायचे. घसरलो हे जाणवताच, चारचौघांतही कुणाच्या लक्षात न येता, छातीला हात लावायचा. इतकी बारीक काळजी घेणारा गुरू मला फार जवळचा वाटतो.

त्यांनी स्थापलेल्या येशूसंघात शिकणाऱ्या तरुणांना लांबलचक प्रार्थनांचं ओझं नव्हतं. अभ्यास हीच त्यांची सेवा. पण दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण मात्र नेमाने करायचं. गोव्यात येऊन मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे. १६१६ साली छापून निघालेल्या त्या ग्रंथामागच्या दिवसांनाही हाच नेम होता.

मिस्सा, जपमाळ, चाळीसा काळातले उपास यांची जागा हा पाव तास घेत नाही. उलट, त्यांच्यामुळे आपल्या वागण्यात काय उतरलं ते इथे कळतं.

शेवटची पायरी उद्याची आहे. ‘उद्यापासून चांगला वागेन’ एवढं म्हणून भागत नाही. ते आजोबा उद्या परत येणार आहेत. त्यांना खुर्ची द्यायची, फॉर्म आपण भरायचा, सही तिथेच घ्यायची. एवढ्यासाठी कृपा मागायची, आणि प्रभूची प्रार्थना म्हणून दिवा मालवायचा.