त्वचेखालचं शरीर ओळखताना



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं मिरजेत मनःपूर्वक स्वागत! डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभारलं; १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तंतुवाद्यांइतकीच रुग्णसेवा हीही या गावाची ओळख आहे. त्यामुळे नर्सिंगच्या शिक्षणावरची परिषद इथे भरते आहे, याचा आम्हाला विशेष आनंद आहे.

१८३६ साली कोलकात्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं आणि आपल्याकडच्या वैद्यकशिक्षणाला नवी दिशा मिळाली. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला मात्र विच्छेदनगृह क्वचितच आलं. मेडिकल कॉलेजला एखादी भेट द्यायची, बाकी शरीररचना तक्त्यांवर आणि मॉडेलवर शिकायची. आणि वॉर्डात जिवंत माणसाच्या अंगाला रात्रंदिवस सुई लावायची ती मात्र सिस्टरनीच!

ही उणीव ऑगमेंटेड रिॲलिटी बरीच भरून काढू शकते. विद्यार्थिनीने मैत्रिणीच्या कोपराच्या खळगीवर टॅबलेट धरला, की पडद्यावर त्याच हातावर मीडियन क्युबिटल शीर दिसते. एक थर बाजूला सारला, की शिरेखालचा चिवट पापुद्रा. आणखी एक सारला, की ब्रेकियल धमनी आणि मीडियन नर्व्ह. सुई खोलवर का घालायची नाही, हे मग वेगळं घोकावं लागत नाही.

पण पडद्यावर दिसते ती नमुन्याची शीर. प्रत्यक्षात ती प्रत्येकाच्या हातात थोडी वेगळी असते. वृद्ध रुग्णाची बोटाखालून निसटते, लहान बाळाची सापडता सापडत नाही. टूर्निकेट बांधून, बोटाने चाचपून ती शोधण्याला पर्याय नाही. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे: इथे सादर होणारं प्रत्येक तंत्र एकाच कसोटीवर पारखा. पडद्यावर जे दिसलं, ते विद्यार्थ्याच्या हातात उतरलं का? आणि ते साध्या मोबाइलवर, मराठीतून, तालुक्याच्या नर्सिंग स्कूलपर्यंत पोहोचेल का?

आपली सोय मनापासून केली आहे. काही उणं राहिलं तर हक्काने सांगा. इथल्या चर्चेतून आपल्या विद्यार्थ्यांचा हात अधिक जाणता होवो आणि रुग्णाची वेदना तेवढी कमी होवो, ही सदिच्छा व्यक्त करतो आणि पुन्हा एकदा आपलं स्वागत करून थांबतो.