सही बाईचीच चालेल



सकाळपासून या मंचावर ताराबाई शिंदे यांचं नाव निदान दहा वक्त्यांनी घेतलं. बुलढाण्याची लेक म्हणून टाळ्याही झाल्या. त्यांना 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक 1882 साली का लिहावं लागलं, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. आज मला तेच बोलायचं आहे, आणि काहींना ते बोचेल.

सुरतेकडची विजयालक्ष्मी ही तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, मूल झालं, लोकलाजेपायी तिच्या हातून ते मारलं गेलं. 1881 मध्ये तिला फाशी सुनावली गेली, अपिलात ती टळली. पण वर्तमानपत्रांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. एका बाईच्या निमित्तानं समस्त बायकांची अब्रू वेशीवर टांगणं सुरू झालं. 'पुणे वैभव'मधली तसली शेरेबाजी वाचून ताराबाई पेटून उठल्या. पुनर्विवाहाची वाट कुणी बंद केली आणि त्या गर्भाचा बाप कुठे आहे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी इतकं झोडपलं की पुढे त्यांचं एकही पुस्तक आलं नाही. ज्या समाजानं त्यांची लेखणी थांबवली, त्याचेच आपण वारसदार आहोत. जयजयकार करताना हे ध्यानात असू द्या.

बाईच्या पोटाचा निर्णय दुसऱ्यांनी घेणं आजही संपलेलं नाही. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताला असलेलं घटनेचं संरक्षण काढून घेतलं. मग कॅन्सस, ओहायो अशा राज्यांत लोकांनी मतदान करून तो हक्क राखला. तेव्हा आपल्याकडचे सुशिक्षित छाती फुगवून सांगत होते, 'आमच्याकडे 1971 पासून कायदा आहे.' कायदा वाचलाय का कुणी? डॉक्टरनं ठरावीक कारणांसाठी गर्भपात केला तर तो गुन्हा नाही, इतकंच तो म्हणतो. बाईला नको आहे, एवढं कारण त्याला आजही पुरत नाही. 2021 च्या दुरुस्तीनं काही बायकांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत नेली, आणि 2022 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितांनाही त्यात घेतलं. त्याचं मी स्वागत करते. पण अजून ही परवानगीच आहे, आणि ती मिळवतानाही बाईचा जीव मेटाकुटीला येतो.

एका दवाखान्यात मी डोळ्यांनी पाहिलं. सोयाबीन सोंगायला जाणारी बाई, पदरात दोन लेकरं, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. खिडकीतून आवाज आला, 'नवऱ्याला घेऊन ये, सही लागते.' नवरा कामासाठी सुरतेला. ती हातातली पिशवी घट्ट धरून उभी राहिली, मग मुकाट्यानं एसटी स्टँडकडे गेली. बाई अठरा वर्षांची असेल तर कायद्याला तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही. ती आपण घुसडली आहे. तिकडे आठवडे सरत जातात, आणि मग ती कुणाकडे जाते, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

यावर लगेच तोंडावर फेकला जातो तो 2011 च्या जनगणनेचा आकडा. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे आपल्या जिल्ह्यात 855 मुली. जिजाऊंच्या जिल्ह्यात! ही लाज मी नाकारत नाही. पण सोनोग्राफीवर मुलगी हुडकायला लावणारी सासर नावाची सत्ता वेगळी, आणि मला हे बाळंतपण आता झेपत नाही म्हणणारी बाई वेगळी. लिंगनिदान करणाऱ्याला खुशाल तुरुंगात टाका. त्याच्या पापासाठी शेतमजूर बाईला दारातून परत का पाठवता? दोन्हीकडे तिच्या पोटाचा निर्णय दुसराच घेतोय.

असा दुसऱ्याचा निर्णय जिवावरही बेततो. बेळगावची सविता हलप्पनवार, दातांची डॉक्टर. 2012 मध्ये आयर्लंडमध्ये तिचा गर्भ वाचणार नाही हे कळूनही, हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला. रक्तात जंतुसंसर्ग होऊन ती गेली. तो देश हादरला, आणि 25 मे 2018 रोजी तिथल्या 66 टक्क्यांहून अधिक मतदारांनी गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवली. आपल्याकडे किती बायका गेल्यावर आपण हादरणार आहोत?

म्हणून अध्यक्ष या नात्यानं मी ठराव मांडते. बुलढाणा जिल्ह्यातल्या गर्भपाताची मान्यता असलेल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी दवाखान्यात, दर्शनी भागात, ठळक मराठीत पाटी लागावी: 'अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची सही पुरेशी आहे. नवऱ्याची, सासूची, वडिलांची सही मागितली जाणार नाही.' उद्या सकाळी हा ठराव घेऊन मी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जाणार आहे. ज्यांना सोबत यायचं आहे त्यांनी अकरा वाजता यावं.